ब्रिटनमधला कम्प्युटिंगचा सँडविच कोर्स: बीएससीला घ्यावा, एमएससीला जपून

ब्रिटनमध्ये कम्प्युटिंग किंवा इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीची पदवी घ्यायचं नक्की झालं असेल, तर तीन वर्षांच्या बीएससीऐवजी चार वर्षांची घ्यावी, ज्यात तिसरं वर्ष पूर्णवेळ कंपनीत जातं. यालाच सँडविच कोर्स म्हणतात आणि कंपनीतल्या त्या वर्षाला प्लेसमेंट. हे आमचं ठाम मत आहे. त्याच धर्तीवर विकली जाणारी दोन वर्षांची 'प्लेसमेंटसह एमएससी' मात्र बहुतेक विद्यार्थ्यांच्या हिताची नाही. तीही घेण्यासारखी असते, पण फार थोड्यांसाठी. दोन्हींची माहितीपत्रकं सारखीच दिसतात. फरक आहे तो वेळापत्रकात.

आधी नेमकं काय मिळतं ते पाहू. पहिली दोन वर्षं वर्गात, तिसरं कंपनीत आणि चौथं परत वर्गात. विद्यापीठागणिक नाव बदलतं: सरेमध्ये 'प्रोफेशनल ट्रेनिंग', मँचेस्टरला 'इंडस्ट्रियल एक्सपिरियन्स', केंटला 'इयर इन इंडस्ट्री'. लफबरोमध्ये त्या वर्षासाठी पदवीशिवाय स्वतंत्र डिप्लोमाही मिळतो. पद्धत जुनी आहे. १९०३ साली संडरलंडच्या टेक्निकल कॉलेजात तिची सुरुवात झाली. पुढे १९५६ नंतर ज्या कॉलेजांना प्रगत तंत्रशिक्षणाचा दर्जा दिला गेला, त्यांतून सरे, बाथ, लफबरो, ॲस्टन, ब्रुनेल, ब्रॅडफर्ड ही विद्यापीठं १९६६ मध्ये उभी राहिली. त्यांच्याकडे ही व्यवस्था मुरलेली आहे. प्लेसमेंटचा वेगळा विभाग, कंपन्यांशी जुने संबंध, भेटीला येणारे ट्यूटर हे सगळं तिथे आधीपासून आहे. विद्यापीठ निवडताना एकूण रँकिंगपेक्षा हे जास्त पाहावं.

विद्यापीठच जागा मिळवून देतं, हा आपल्याकडच्या पालकांचा गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पुण्या-मुंबईच्या कॉलेजात कंपन्या कॅम्पसवर येतात. बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसवर प्रॅक्टिस स्कूल आहे, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कंपनीत जाऊन काम शिकणं. बिट्समध्ये ही पद्धत १९७३ पासून चालत आली आहे आणि तिच्या दुसऱ्या टप्प्यात साडेपाच महिन्यांसाठी कुठे जायचं ते ठरवण्याची यंत्रणा संस्थाच चालवते. ब्रिटनमध्ये तसं नाही. जागा विद्यार्थ्याने स्वतः मिळवायची, खुल्या बाजारात, दुसऱ्या विद्यापीठांच्या मुलांशी स्पर्धा करून. विद्यापीठ सीव्ही तपासून देतं, सराव मुलाखती घेतं, जाहिराती पोर्टलवर टाकतं आणि मिळालेली जागा मंजूर करतं. फी भरली म्हणजे जागा मिळाली असं नाही. नाही मिळाली तर तीन वर्षांच्या कोर्समध्ये वर्ग करतात आणि मूल थेट शेवटच्या वर्षाला बसतं.

तरीही प्रवेश घेताना अर्ज चार वर्षांच्या कोर्सलाच करावा. यूकासवर, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश-अर्जाच्या यंत्रणेत, दोन्हींचे कोड वेगळे असतात. चारवरून तीनवर येणं सोपं आहे, कागदपत्रांचंच काय ते काम. तीनवरून चारवर जायचं तर विद्यापीठाची परवानगी, नवा सीएएस (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ती प्रवेशाची नोंद) आणि बहुधा व्हिसाचा नवा अर्ज लागतो. हे सगळं दुसऱ्या वर्षाच्या परीक्षांच्या तोंडावर अंगावर येतं.

आता खरा मुद्दा: दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर. मोठ्या बँका, सल्लागार कंपन्या, मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या पुढच्या उन्हाळ्यातल्या जागांच्या जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढतात, काही तर ऑगस्टमध्येच. जाहिरातीवर शेवटची तारीख डिसेंबरची दिसते, पण आलेले अर्ज क्रमाने तपासून जागा भरत जातात आणि भरल्या की जाहिरात उतरवतात. तारखेवर विसंबून नोव्हेंबर अखेरीस अर्ज टाकणाऱ्याचा अर्ज कित्येकदा कोणी उघडतही नाही. मध्यम आणि लहान कंपन्या जानेवारी ते मे या काळात जागा काढतात. तिथे फेऱ्या कमी, उत्तर लवकर आणि काम बरेचदा जास्त चांगलं असतं. म्हणून मोठ्या कंपन्यांचे नकार डिसेंबरपर्यंत आले तरी थांबू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये निराश होऊन अर्ज करणं सोडणारी मुलं बरीच असतात, आणि नेमकी तेव्हाच लहान कंपन्यांची दारं उघडलेली असतात.

पहिली गळती होते ती सीव्हीत. ब्रिटिश सीव्ही जास्तीत जास्त दोन पानांचा असतो, विद्यार्थ्याचा एक पानाचा उत्तम. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, शेवटी सहीचं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही नको. बारावीचे गुण एका ओळीत पुरेत. उरलेली जागा प्रोजेक्टना द्यावी आणि प्रत्येक ओळीत स्वतःचा वाटा लिहावा. 'ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली तयार केली' या ओळीतून निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. 'चौघांच्या गटात ग्रंथालयाचं वेब ॲप. माझ्याकडे लॉगिन आणि शोध. पायथन, फ्लास्क, पोस्टग्रेएसक्यूएल. शोधाच्या कोडला युनिट टेस्ट लिहिल्या. कोड गिटहबवर' असं लिहिलं की विचारण्याजोगे चार प्रश्न मुलाखत घेणाऱ्याच्या हाती येतात. गिटहबची लिंक दिली तर ती उघडून पाहतात हे गृहीत धरा. रीडमी फाइल नसलेली, एकाच कमिटमध्ये सगळा कोड टाकलेली रेपो दाखवण्यापेक्षा लिंक न दिलेली बरी.

अर्जानंतर ऑनलाइन कोडिंग चाचणी येते, बहुधा हॅकररँक किंवा कोडसिग्नलवर, तास-दीड तासाची, दोन ते चार प्रश्नांची. इथे आपली मुलं गणितात कमी पडत नाहीत, दुसऱ्याच गोष्टीत अडकतात. नमुन्याच्या दोन-तीन टेस्ट केस पास झाल्या की उत्तर बरोबर समजून पुढे जातात. गुण लपवलेल्या टेस्ट केसवर असतात. प्रश्नाच्या खाली मर्यादा दिलेल्या असतात, त्या आधी वाचायच्या. यादीत एक लाख आकडे असू शकतात असं लिहिलं असेल, तर एकात एक अशा दोन लूपनी हजार कोटी फेऱ्या होतील आणि वेळ संपल्याचा शेरा पडेल. तोच प्रश्न पायथनची डिक्शनरी (नोंद थेट शोधू देणारी रचना) वापरून एका फेरीत सुटतो. रिकामी यादी, एकच घटक, सगळे आकडे सारखे, ऋण आकडे ही चार उदाहरणं सबमिट करण्याआधी स्वतः चालवून पाहावीत. या चाचण्यांमध्ये स्क्रीन आणि टॅब बदलण्यावर लक्ष असतं आणि उत्तरांची साम्यतपासणी होते, तेव्हा एआयकडून आणलेला कोड चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये.

पुढची पायरी रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत. समोर कोणी नसतं, प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला साधारण अर्धा मिनिट आणि बोलायला दोन-तीन मिनिटं. नंतर असेसमेंट सेंटर: गटचर्चा, एखादा केस, तांत्रिक मुलाखत. वर्तनाबद्दलच्या प्रश्नांना परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम याच क्रमाने उत्तर अपेक्षित असतं. त्यातली कृती 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणून सांगायची. घरच्या संस्कारामुळे 'आम्ही सगळ्यांनी मिळून केलं' असं तोंडात येतं. निवडणाऱ्याला मात्र तुम्ही काय केलंत तेच लिहून घ्यायचं असतं.

अर्ज करण्याआधी जाहिरातीत आणखी एक ओळ शोधायची: सुरक्षा तपासणी. संरक्षण आणि काही सरकारी कामांच्या जागांना 'एससी' (सिक्युरिटी चेक) पातळीची मंजुरी लागते आणि त्यासाठी साधारणपणे पाच वर्षांचं ब्रिटनमधलं वास्तव्य धरतात. काही जागा तर फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी असतात. सायबर सिक्युरिटीच्या जागांत हे फार आढळतं. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर सायबर सिक्युरिटीचाच कोर्स निवडणाऱ्याला अर्ज करण्याजोग्या जागा आधीच कमी उरतात. साध्या कम्प्युटर सायन्स किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या शीर्षकाने दारं जास्त खुली राहतात.

व्हिसाचे नियम इथे विद्यार्थ्याच्या बाजूचे आहेत. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, पण कोर्सचा अविभाज्य आणि मूल्यमापन होणारा भाग असलेली प्लेसमेंट या मर्यादेत मोजत नाहीत; ती पूर्णवेळ करता येते. अट अशी की ती कोर्सच्या एकूण कालावधीच्या निम्म्याहून जास्त नसावी. कंपनी ई-व्हिसाचा शेअर कोड (कामाचा हक्क ऑनलाइन तपासण्याचा कोड) मागते आणि सोबत विद्यापीठाचं पत्र, ज्यात प्लेसमेंट कोर्सचा भाग असल्याचं आणि तिच्या तारखा स्पष्ट लिहिलेल्या असतात. कामाचं ठिकाण विद्यापीठाला गृहखात्याला कळवावं लागतं, म्हणून मंजुरी हातात येण्याआधी रुजू होऊ नये. मंजुरीला आरोग्य-सुरक्षेचा फॉर्म आणि कंपनी, विद्यापीठ, विद्यार्थी यांचा तिहेरी करार लागतो. कंपनीचा एचआर विभाग सही करायला आठवडे लावतो, तेव्हा ऑफर आली त्याच दिवशी हे कागद पाठवावेत.

कम्प्युटिंगच्या मुलांनी एक नियम तर पाठच करावा: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही. अपवर्कवर फ्रीलान्स काम, पुण्यातल्या ओळखीच्या दुकानाची वेबसाइट पैसे घेऊन करून देणं, स्वतःचं ॲप विकून व्यवसाय करणं हे सगळं अटींचं उल्लंघन ठरतं, पैसे भारतातल्या खात्यात आले तरी.

पैशाचं गणित. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या मराठी घरांतल्या, 'होम' फी भरणाऱ्या मुलांसाठी इंग्लंडमध्ये प्लेसमेंटच्या वर्षाच्या फीवर कायद्याने कमाल मर्यादा आहे: पूर्ण फीच्या २० टक्के. २०२५-२६ साठी पूर्ण फी ९,५३५ पौंड आणि प्लेसमेंट वर्षाची १,९०५. त्या वर्षी मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्या-खाण्यासाठीचं सरकारी कर्ज, कमी रकमेचं मिळतं, हेही धरावं. भारतातून गेलेल्यांना ही मर्यादा लागू नाही. विद्यापीठ ठरवेल तो आकडा, आणि विद्यापीठाविद्यापीठात तो खूप वेगळा असतो. ऑफर स्वीकारण्याआधी तो ईमेलवर लेखी मागून घ्यावा. शिवाय चौथ्या वर्षाचा आरोग्य अधिभारही (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर घेतलं जाणारं शुल्क) व्हिसाच्या वेळीच भरावा लागतो, सध्या वर्षाला ७७६ पौंड.

पगार बहुतेक आयटी प्लेसमेंटना असतो. पण कोर्सचा सक्तीचा भाग असलेल्या, एक वर्षापर्यंतच्या प्लेसमेंटला राष्ट्रीय किमान वेतनाचा नियम लागू होत नाही, त्यामुळे फुकट राबवून घेणारी जागाही कायद्यात बसते. अशी वर्षभराची बिनपगारी जागा घेऊ नये. चांगलं काम देणारी कंपनी पगारही देते.

उदाहरणादाखल वर्षाला २४,००० पौंड पगार धरू, म्हणजे महिना २,०००. १२,५७० पौंडांपर्यंतचं वार्षिक उत्पन्न करमुक्त, त्यापुढे २० टक्के. राष्ट्रीय विमा महिन्याच्या १,०४८ पौंडांवरच्या रकमेच्या ८ टक्के. एरवी महिन्याला साधारण १९० कर आणि ७६ विमा कापला जाऊन १,७३३ च्या आसपास हातात येतात. पण ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि प्लेसमेंट बहुधा जुलैमध्ये. एप्रिलपासून दुसरी कमाई नसेल तर न वापरलेली करमुक्त मर्यादा साचत जाते आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तिन्ही महिने प्राप्तिकर शून्य यायला हवा. तो शून्य येतोय का हे पहिल्याच पगारपत्रकावर पाहावं. टॅक्स कोड '१२५७एल' असेल तर ठीक. त्यापुढे 'एम१' जोडलेलं असेल तर दर महिना सुटा धरून कर कापला जातोय. कारण बहुतेक वेळा एकच असतं: रुजू होताना दिलेल्या स्टार्टर चेकलिस्टवर चुकीच्या विधानावर खूण केलेली असते. या करवर्षातली पहिलीच नोकरी असेल तर विधान 'ए'. त्याच वर्षी आधी एखाद्या दुकानात अर्धवेळ काम केलं असेल तर तिथून मिळालेला पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा दाखला) द्यायचा. पुढच्या जूनमध्ये प्लेसमेंट संपली की एप्रिलपासूनची कमाई ६,००० च असते आणि तोवर कापलेले सुमारे ५७० पौंड परत मागता येतात. हे पैसे मागायचे राहून जातात, ते राहू देऊ नयेत.

राहण्याचं थोडक्यात. सँडविच कोर्सचा विद्यार्थी प्लेसमेंटच्या वर्षातही विद्यार्थीच असतो, तेव्हा काउन्सिल टॅक्समधून, म्हणजे घरावरच्या स्थानिक करातून, सूट मिळते. विद्यापीठाचा दाखला महापालिकेला द्यायचा. घरात एखादाच नोकरदार सहनिवासी असेल तर बिल २५ टक्के सवलतीने येतं आणि ते त्याचं असतं, हे घर घेतानाच बोलून घ्यावं. इंग्लंडमध्ये घरमालकाला डिपॉझिट नेहमीच्या भाड्यात पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही.

कंपनीतल्या वर्षाचा दर्जा शेवटी कामावर ठरतो. मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचंय का' म्हणतात तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने कोणता कोड प्रॉडक्शनमध्ये नेला, कोड रिव्ह्यू कोण करतं, आणि वर्षभर एकाच टीममध्ये ठेवतात की फिरवतात. पहिल्या प्रश्नाला उत्तर अडखळत आलं तर ती जागा बहुधा हेल्पडेस्कची किंवा हाताने टेस्टिंग करण्याची असते, नाव 'सॉफ्टवेअर इंजिनिअर' असलं तरी. अशी जागाच हाती असेल तरी घ्यावी, पण तिसऱ्या महिन्यात, ट्यूटर भेटीला येतील तेव्हा, काम बदलून मागावं. करारात शिकण्याची उद्दिष्टं लिहिलेली असतात आणि ट्यूटरने मॅनेजरसमोर त्यांवर बोट ठेवलं की हलतं. सहाव्या महिन्यानंतर कोणी टीम बदलत नाही.

अहवाल लिहिताना सगळ्यात जास्त घोळ गोपनीयतेचा होतो. कंपनीचा कोड, ग्राहकांची नावं, सिस्टिमचे आराखडे अहवालात टाकता येत नाहीत, आणि हे मे महिन्यात कळलं की पानंच्या पानं काढावी लागतात. दर आठवड्याला पाच ओळींची नोंद ठेवावी: कोणतं काम, कोणता निर्णय, का घेतला, काय बिघडलं, कोणी काय सुचवलं. तांत्रिक निर्णयाचं कारण गोपनीय माहितीशिवाय लिहिता येतं आणि गुण त्यालाच असतात. किमान किती आठवडे भरायला हवेत हेही आधी पाहावं. विद्यापीठाप्रमाणे हा आकडा बदलतो, आणि मध्येच नोकरी गेली तर वर्ष धरायचं की नाही ते त्यावरच ठरतं. काही ठिकाणी प्लेसमेंटला श्रेयांक असतात, काही ठिकाणी फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. पदवीच्या वर्गात तिचा भार क्वचितच मोठा असतो.

आता एमएससी. वर्षाच्या एमएससीला १८० श्रेयांक. प्लेसमेंट जोडली की कोर्स दोन वर्षांपर्यंत लांबतो. विद्यार्थी सप्टेंबरच्या शेवटी उतरतो. घर, बँक खातं, पहिल्या असाइनमेंट यांत ऑक्टोबर जातो, आणि तेवढ्यातच मोठ्या कंपन्यांच्या जागा भरत आलेल्या असतात. बीएससीच्या मुलाला सीव्हीवर दाखवायला ब्रिटनमधली पूर्ण एक-दोन वर्षं असतात, याला दोन-तीन आठवडे. जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीचं गणित तर याहून अवघड. वर आणखी अडथळे: बऱ्याच विद्यापीठांत प्लेसमेंटला जाण्यासाठी सगळे विषय पहिल्या प्रयत्नात सुटावे लागतात किंवा ठरावीक सरासरी लागते. एमएससीचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, सुट्टीचा नव्हे, म्हणून त्या काळातही २० तासांचीच मर्यादा राहते.

जागा मिळाली नाही तर दोनपैकी एक होतं. काही विद्यापीठं कॅम्पसवरच एखादा गटप्रकल्प देऊन 'प्रोफेशनल प्रॅक्टिस' पूर्ण झाल्याचं दाखवतात. नोकरीच्या बाजारात त्याचं वजन कमी. बाकीची वर्षाच्या कोर्समध्ये वर्ग करतात, गृहखात्याला कळवतात आणि व्हिसा छोटा होतो. दुसऱ्या वर्षाचा भरलेला आरोग्य अधिभार मुदत कमी झाली म्हणून परत मिळत नाही. फीचं काय होतं ते विद्यापीठाच्या नियमावर.

ही एमएससी कोणाला परवडते? भारतात दोन-तीन वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम केलेल्याला, ज्याचा सीव्ही आणि कोडिंग चाचणीची तयारी विमानात बसण्याआधी झालेली असते, आणि जो ऑगस्टपासून पुण्यातूनच अर्ज टाकायला लागतो. पदवीनंतर थेट जाणाऱ्याने साधी एका वर्षाची एमएससी घ्यावी आणि वाचलेला पैसा व वेळ ग्रॅज्युएट रूटवर (शिक्षण संपल्यावर ब्रिटनमध्ये राहून काम करू देणारा व्हिसा) नोकरी शोधण्यात घालावा. हा रूट सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षच मिळेल. प्लेसमेंटच्या नादात वर्ष लांबवणाऱ्यांना ही तारीख थेट भोवते.

एजंटांबद्दल इतकंच की प्रवेशाचा सल्ला देणारा आणि प्लेसमेंट 'लावून देतो' म्हणणारा यांत फरक करावा. ब्रिटनमध्ये नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज कायद्याने, मनोरंजन क्षेत्रासारखे अपवाद सोडून, बेकायदा आहे. सीव्ही लिहून देण्याचे किंवा 'ट्रेनिंग'चे म्हणून पैसे मागतात आणि शेवटी कागदावरची प्लेसमेंट देतात. ती पकडली गेली तर व्हिसा विद्यार्थ्याचा जातो.

बीएससीला जाणाऱ्याने प्लेसमेंट संपताना एकच गोष्ट लेखी मागावी: पदवीनंतरच्या नोकरीची ऑफर आणि तिचा पगार. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी ३३,४०० पासून सवलत आहे, पण पदानुसार ठरलेला दर त्याहून जास्त असेल तर तो पाळावा लागतो. कंपनीकडे स्पॉन्सर परवाना (परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसावर ठेवण्याची सरकारी परवानगी) आहे का हे सरकारी यादीत नावानिशी पाहता येतं. ती यादी प्लेसमेंटचा अर्ज टाकतानाच उघडावी, कारण परवाना नसलेल्या कंपनीत वर्ष कितीही छान गेलं तरी ग्रॅज्युएट रूट संपल्यावर तिला तुम्हाला ठेवून घेता येणार नाही.